आमच्या साडूंचं शोधणं आणि बदलणं

जगात जे काही आहे ते दोनच प्रकारचं असतं, एक शोधण्यासारखं आणि दुसरं बदलण्यासारखं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे साडू. तिसरा प्रकार असू शकतो हे त्यांना मान्यच नव्हतं. पाहुणा घरी आला की लोक पाऊसपाणी विचारतात, कांद्याला काय भाव लागला ते विचारतात. साडू पाण्याचा तांब्या पुढे करता करता विचारायचे, "तुमच्याकडं काय बदलायचं बिदलायचं हाय का?" नवखा माणूस गोंधळून आपल्या सदऱ्याकडे पाहायचा. साडूंना म्हणायचं असायचं की तुमच्याजवळ एखादा लांबलचक टाइप केलेला मजकूर आहे का, ज्यात एकच गोष्ट पन्नास ठिकाणी बदलायची आहे? असा मजकूर आणून देणाऱ्याला ते चहा तर पाजायचेच, वर त्याचे आभार मानायचे.

त्यांचं घर बोरी बुद्रुकला आणि दुकान आळेफाट्याला. दुकान म्हणजे टायरच्या गॅरेजच्या डोक्यावरची एक खोली. खाली ट्रकच्या चाकावर घण पडला की वर मॉनिटरवरची अक्षरं थरथरायची आणि साडू एका हाताने मॉनिटर धरून दुसऱ्या हाताने टाइप करायचे. आधी ते एका पतसंस्थेत टायपिस्ट होते. पुण्याच्या कुणा तरुणाने आमच्या पंचक्रोशीची वेबसाइट अर्धीमुर्धी बांधली, नोकरी लागली म्हणून तो निघून गेला, आणि तिच्या चाव्या साडूंच्या हाती आल्या. वेबसाइट पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेली होती. साडू ती भाषा कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. त्यांनी त्या वेबसाइटची एकेक फाइल उघडून पाहिली, काहीतरी मोडलं, ते दुरुस्त केलं, आणखी काहीतरी मोडलं, आणि असं करता करता पंधरा वर्षं काढली. लग्नं, बारशी, दहावीचे निकाल, यात्रा कमिटी, महिला बचत गट, दशक्रिया विधी, सगळं त्या वेबसाइटवर असायचं. आमच्याकडे सोयरीक जमवायची म्हटली की समोरच्या घरची माणसं आधी ती वेबसाइट बघायची आणि मग मध्यस्थाला फोन करायची.

पीएचपीमध्ये साडूंचा जीव कशात होता म्हणाल, तर ‘प्रेग रिप्लेस’ नावाच्या एका आज्ञेत. नुसता ठरावीक शब्द नव्हे, तर शब्दांचा साचाच सांगायचा, त्या साच्यात बसेल ते सगळं शोधायचं आणि बदलून टाकायचं, असं तिचं काम. त्या साच्याला ते पॅटर्न म्हणायचे. "त्याला तीन गोष्टी सांगायच्या, पावणं," ते मला दर भेटीत पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायचे. "पयली, काय शोधायचं. दुसरी, त्याच्या जागी काय ठिवायचं. तिसरी, कशात शोधायचं. झालं काम!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की मला आपण काही विचारावंसं वाटायचं, पण मला एकही प्रश्न सुचायचा नाही. मी जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. तीन गोष्टी म्हटलं की मला कर्ता, कर्म, क्रियापद एवढंच आठवतं.

एकच काम हाताने दुसऱ्यांदा करणं याचा साडूंना मनापासून राग होता. एकदा हाताने केलं तर ठीक, माणूस शिकतो. दुसऱ्यांदा केलं तर त्यांच्या दृष्टीने तो अपराध. आमच्या मेहुण्याच्या लग्नात मी सगळ्या पाकिटांवर हाताने ‘श्री.’ आणि ‘सौ.’ लिहीत बसलो होतो, तर ते माझ्यासमोर येऊन बसले आणि आजाऱ्याजवळ बसावं तसे गप्प राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "मास्तर, एका ओळीचं काम हाय वो." मी म्हणालो, "मला हाताने लिहायला आवडतं." ते उठून गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, मास्तरांना जरा आराम करू द्या."

त्यांचं हे वेड मी हसण्यावारी न्यायचो, त्याची शिक्षाही मला मिळाली. आमच्या शाळेच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर टाइप झाल्यावर अध्यक्षांनी फर्मान काढलं की ‘शाळा’ हा शब्द हलका वाटतो, सगळीकडे ‘विद्यालय’ करा. साडूंना कशाला त्रास द्यायचा म्हणून मी स्वतःच संगणकावर बसलो, ‘शाळा’ शोधून ‘विद्यालय’ करण्याची आज्ञा दिली आणि फार ऐटीत स्मरणिका छापायला पाठवली. छापून आली तेव्हा तिच्यात लिहिलं होतं की पूर्वी गावात वाटसरूंना उतरायला एक धर्मविद्यालय होती, शास्त्राच्या शिक्षकांनी प्रयोगविद्यालय उभारली, आणि माननीय अध्यक्षांनी गोविद्यालय काढून तिला दोन गाई भेट दिल्या. सगळा तालुका हसला. साडू तेवढे हसले नाहीत. त्यांनी स्मरणिका शेवटपर्यंत वाचली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "शब्दाच्या अलीकडं-पलीकडं काय चिकटलंय ते बगितलंच न्हाई व्हय तुमी?" इतक्या मायेने मला माझी चूक आजवर कुणी दाखवलेली नाही.

माणसांच्या बोलण्यातही त्यांना साचे दिसायचे. आळेफाट्यावर उभ्याउभ्या फोनवर बोलणारी शेकडो माणसं त्यांच्या खिडकीखालून जायची. साडूंनी त्यावरून असा सिद्धांत काढला होता की जो माणूस "फाट्यावरच हाय" म्हणतो तो घरी चप्पल शोधत असतो, "पोचलोच" म्हणतो तो नारायणगावात वडापाव खात असतो, आणि जो खरोखर फाट्यावर उभा असतो तो फक्त "तू कुटं हाईस?" एवढंच विचारतो. मी एकदा त्यांना फोन करून "फाट्यावर आलोय" असं म्हटलं, तेव्हा मी मंचरच्या स्टँडवर होतो. ते शांतपणे म्हणाले, "मंग सावकाश या. तासभर हाय अजून."

त्यांच्या हातून चुका व्हायच्या नाहीत असं मात्र नाही. त्यांच्या पॅटर्नमध्ये टिंब आणि चांदणी अशी एक जोडी असायची, तिला ते ‘हावरट’ म्हणायचे. पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत मध्ये जे सापडेल ते सगळं ती गिळते. एकदा द्राक्षाच्या रोपांच्या जुन्या जाहिराती काढून टाकताना त्यांनी हा हावरट मोकळा सोडला. त्याने पहिल्या जाहिरातीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत ताव मारला आणि वाटेत तीन लग्नं, एक बारसं आणि अख्खी यात्रा कमिटी खाऊन टाकली. यात्रा कमिटीचे लोक तावातावाने जिना चढून आले. साडूंनी आदल्या दिवशीची प्रत काढून सगळ्यांना पुन्हा जागच्या जागी बसवलं, आणि त्या हावरटाला एका प्रश्नचिन्हाने आवर कसा घालतात ते कमिटीला अर्धा तास समजावून सांगितलं. कमिटी जी गेली ती त्यानंतर कधी जिना चढली नाही.

पण त्यांनी लिहिलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रोग्राम मृत्यूचा होता. गावात कुणी वारलं की त्या माणसाचं नाव वेबसाइटवर जिथे जिथे असेल तिथे त्याच्याआधी ‘कै.’ लावायचं काम तो करायचा. एका दमात, पंधरा वर्षांच्या सगळ्या पानांवर. साडूंना याचा अभिमान होता. गेलेल्या माणसाचं नाव यात्रा कमिटीच्या यादीत जिवंत असल्यासारखं राहू नये, हा त्यांचा साधा विचार होता. मग एके दिवशी दगडू बबन नावाचे एक म्हातारे वारले. साडूंनी प्रोग्राम चालवला. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. आजोबा दगडू बबन, मुलगा बबन दगडू, नातू पुन्हा दगडू बबन. तिसऱ्या दिवशी नातवाची सासुरवाडी पिकअप भरून रडत दारात उतरली, तेव्हा नातू गोठ्यात म्हशीची धार काढत होता. तो तसाच, हात न धुता, साडूंच्या दुकानात आला. "मी जित्ता हाय का न्हाई, तेवढं सांगा राव!" साडू म्हणाले, "थांबा, बघतो," आणि स्क्रीनकडे वळले. नीट पाहून म्हणाले, "वेबसायटीवर न्हाई." नंतर त्यांनी प्रत्येक नावाला जन्मसाल जोडलं, त्यात दोन महिने गेले. त्या नातवाच्या घरी जाऊन ते माफी मागून आले आणि त्याच्या सासूबाईंना साडीही नेसवून आले.

बौद्धवस्तीतले एक निवृत्त वायरमनही असेच जिना चढून आले होते. त्यांच्या वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लागलं होतं. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, आमचा बाप कैलासाला गेलेला नाय. उभ्या जन्मात त्यानं तिकडं तोंड केलं नाय. आमच्यात कालकथित लिवत्यात, आन् दशक्रिया नाय, पुण्यानुमोदन असतं." साडू ताडकन उठले आणि त्यांनी वायरमनचे दोन्ही हात धरले. चूक झाली याचं वाईट होतंच, पण आपल्याला माहीत नसलेला एक नियम घरबसल्या चालून आला याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. त्या दोघांचं पुढे इतकं जमलं की दुकानातली वायर कधी जळाली तर वायरमन निरोपाशिवायच हजर व्हायचे.

मात्र एका बाईचं बोलणं त्यांच्या फार जिव्हारी लागलं. नवरा वारला की बायकोच्या नावाआधीचं ‘सौ.’ काढून तिथे ‘श्रीमती’ करायचं, हेही तो प्रोग्राम आपणहून करायचा. एक बाई, नवऱ्याला अग्नी देऊन माणसं घरी परतली नाहीत तोच, कुणाच्या तरी मोबाइलवर स्वतःच्या नावाआधी ‘श्रीमती’ पाहून बसली. काही दिवसांनी ती दुकानात आली. भांडली नाही. दारातूनच म्हणाली, "येवढी घाई व्हती का वो भाऊ?" आणि निघून गेली. साडूंनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. माणूस गेल्यावर तेरा दिवस कुणाच्याच नावाला हात लावायचा नाही. मला ती ओळ दाखवताना ते म्हणाले, "मशिनीला बी दुखवटा पाळाया लावलाय."

तेरा दिवस थांबायचा हा विचार खरं तर मंदाचा होता. मंदा म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची धाकटी बहीण. संध्याकाळी ओट्यावर मटकी निवडत ती बसायची आणि साडू तिला दिवसभराचे पॅटर्न ऐकवायचे. टिंब, चांदणी, कंस, सगळं. तिने संगणकाला कधी हात लावला नव्हता, पण ती ऐकायची, आणि मध्येच खडा बाजूला टाकत एखादा प्रश्न विचारायची. "त्याच नावाचं दुसरं कुनी असलं म्हंजी?" हे तिने दगडू बबन वारायच्या कितीतरी आधी विचारलं होतं. साडूंनी तेव्हा तो प्रश्न हसून उडवला होता. पुढे मात्र ते कुठलाही प्रोग्राम तिला सांगितल्याशिवाय चालू करायचे नाहीत. पंचक्रोशीत त्यांचं बोलणं समजणारं एकच माणूस होतं आणि ते त्यांच्या घरातच होतं, एवढं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मंदा गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आम्ही सगळे तिकडेच होतो. दशक्रिया झाली, तेरावा झाला, माणसं पांगली. चौदाव्या दिवशी प्रोग्रामने आपलं काम करायला हवं होतं. ते झालं नाही. माणूस दुःखात आहे, विसरला असेल, असं आम्ही म्हणालो. महिना गेला, वर्षश्राद्ध झालं, तरी बचत गटाच्या पानावर ‘अध्यक्षा, सौ. मंदा’ तशीच होती, खाली फोन नंबरसुद्धा. कुठल्या कुठल्या गावच्या बायका त्या नंबरवर फोन करायच्या. तो फोन आता साडूंच्या खिशात असायचा. एकदा माझ्यासमोरच तो वाजला. साडू म्हणाले, "आत्ता घरी न्हाई त्या," आणि त्यांनी निरोप कागदावर नीट लिहून घेतला. मी खिडकीतून खालचे टायर बघत राहिलो.

तेव्हापासून ते मला रोज संध्याकाळी फोन करू लागले. मटकी निवडायची वेळ असायची ती, हे मला उशिरा लक्षात आलं. ते पॅटर्न सांगायचे आणि मी ऐकायचो. मी मन लावून ऐकायचो, पण मधे विचारावं असं मला काही सुचायचं नाही, आणि सांगून झाल्यावर पलीकडे ते जरा वेळ थांबायचे. मग म्हणायचे, "बरं, ठिवतो." त्या थांबण्याची मला अजून लाज वाटते.

हे असंच चाललं असतं, पण त्यांच्या लेकीचं, अश्विनीचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरी करते, मुलगा नगरकडचा, घर चांगलं. मंदा गेली हे बघण्याच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं. पण मुलाच्या आत्याने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे वेबसाइट उघडून पाहिली, आणि तिला तिथे सगळीकडे ‘सौ. मंदा’ दिसली. तिने खाली दिलेल्या नंबरवर फोन केला. साडू म्हणाले, "आत्ता घरी न्हाई त्या." झालं. बाई हयात आहे, नांदत नाही, आणि हे लोक मेली म्हणून सांगतात, असा निष्कर्ष मुलाकडच्यांनी काढला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच काढला असता. आठ दिवसांत खुलासा झाला नाही तर सुपारी परत, असा निरोप आला. अश्विनी तिच्या मावशीला फोनवर रडत म्हणाली, "मावशी, मी पप्पांना काय सांगू? आई गेली हे मी त्यांना सांगू का?" माझी बायको फोन ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही मोठे साडू आहात. उद्या जा."

आमच्या लोणीहून मंचर, मंचरहून आळेफाटा, अशा दोन गाड्या बदलून मी सकाळी दहाला जिना चढलो. वाटभर मी काय बोलायचं ते ठरवत होतो. साडूंना सगळं कळलेलं होतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्या मृत्यूच्या प्रोग्राममध्ये अगदी वर एक ओळ होती. अमुक एक नाव आलं तर काही करू नकोस, मागे फिर. त्या ओळीत एकच नाव होतं.

"मला शोधाया येतं पावणं," ते म्हणाले. "सापडतं बी. तिच्या जागी काय ठिवायचं तिथं येऊन गाडी अडती."

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. पीएचपीत नुसतं शोधण्याचीही एक आज्ञा असते. ती काही बदलत नाही, आहे की नाही आणि किती ठिकाणी आहे, एवढंच सांगते. रोज सकाळी दुकान उघडलं की ते आधी ती चालवायचे. "एकूणचाळीस ठिकानी हाय ती," ते म्हणाले. "व्हती तवा आकडा वाढायचा. कदी बचत गट, कदी हळदीकुंकू, कदी शाळंत काय. आता दोन वर्सं व्हत आली, एकूणचाळीसच. पर कमी तरी व्हत न्हाई ना?"

मी एवढंच म्हणालो, "अश्विनी रडते आहे."

"ठाव हाय," ते म्हणाले. खाली एका ट्रकचं चाक उतरवत होते. मग त्यांनी ती वरची ओळ खोडली, प्रोग्राम चालवायला तयार ठेवला, बोट बटणावर नेलं आणि तसंच धरून ठेवलं. मी दुसरीकडे बघू लागलो. "न्हाई," ते म्हणाले. "असं एका दमात न्हाई. तुमी बसा हितं. एकेक करू. हातानं."

हातानं! ज्यांनी मला पाकिटं लिहिताना पाहून आजारी समजून आराम करायला पाठवलं होतं, ते मला खुर्चीत बसवून हाताने लिहायला सांगत होते. मला एका बोटानेच टाइप करता येतं. त्यांनी एकेक पान उघडावं, मंदाचं नाव दाखवावं, आणि मी तिथे एक अक्षर आणि एक टिंब टाइप करावं, असं काम सुरू झालं. ‘कै. सौ.’ असंच लिहायचं हे त्यांनी एकदाच सांगितलं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं ‘सौ.’ कुणी काढून घेत नाही.

प्रत्येक नावाशी ते थांबायचे. शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिल्याची बातमी आली. "मास्तर लोक उशिरा येत्यात म्हनून दहा मिनिटं फुडं करून दिलं व्हतं तिनं. अजून फुडंच हाय." यात्रेतल्या पाककृती स्पर्धेचा निकाल आला, त्यात मंदाचा तिसरा नंबर होता. पहिल्या नंबराच्या बाईशी ती वर्षभर बोलली नव्हती, पुढे त्याच बाईला तिने बचत गटात खजिनदार केलं. हळदीकुंकवाच्या एका फोटोत फक्त तिचा हात आला होता, खाली नाव मात्र पूर्ण होतं. "बांगड्यांवरनं वळखली मी," साडू म्हणाले. मी टाइप करत होतो. मध्येच चुकून एकदा टिंब राहिलं, तर त्यांनी माझं बोट हलकेच धरून योग्य बटणावर ठेवलं. दुपारी त्यांनी डबा उघडला, पण आम्ही दोघांनीही चतकोर भाकरीच खाल्ली. पाच वाजत आले तेव्हा एकोणचाळिसावं नाव झालं. अश्विनी दहावी पास झाल्याची ती बातमी होती, कौतुक करणाऱ्यांत आईचं नाव होतं.

मग त्यांनी मला उठवलं, स्वतः खुर्चीत बसले आणि सकाळची ती शोधायची आज्ञा पुन्हा लिहिली. या वेळी त्यांनी स्वतःचं नाव टाकलं. स्क्रीनवर यादी आली. कुठे पंचक्रोशीचे संगणकसेवक, कुठे यात्रेचे देणगीदार, कुठे अश्विनीच्या सुपारीच्या बातमीत वधूपिता. सगळीकडे आधी ‘श्री.’ होतं. ते खालपर्यंत वाचत गेले.

"बाईचा नवरा गेला की तिच्या नावात बदल व्हतो. म्याच लिवलाय त्यो," ते म्हणाले. "बाप्याची बायको गेली म्हंजी काय बदलतं, मास्तर?"

मी मराठीचा शिक्षक. मी सगळं आठवून पाहिलं. "काही नाही," मी म्हणालो. "श्री.च राहतं."

"व्हय," ते म्हणाले. "म्हंजी वाचनाऱ्याला कळायचंच न्हाई."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी ठेवू दिला, आणि थोड्या वेळाने उठून संगणक बंद केला. अश्विनीला फोन लावून "झालं गं बाळा, सांग त्यांना," एवढंच ते म्हणाले. मला सोडायला ते फाट्यावर आले. मंचरकडे जाणारी गाडी लागलीच होती. मी खिडकीत बसलो. फाट्यावर त्या वेळी शंभरेक माणसं उभी असतील, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कानाला फोन. त्यांत आमचे साडू उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हात वर केलेला. शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी त्यांना नाशिकची गाडी किती वाजता म्हणून विचारलं. त्यांनी हसून सांगितलं, आणि तो माणूस "आभारी हाय भाऊ" म्हणून निघून गेला. त्याला काहीच कळलं नव्हतं.